पारसिकच्या अलीकडे

गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून दीड पाऊल पूर्वेला
पिवळ्या ऑइलपेंटनं मी एक फुली मारून ठेवली आहे.
सेक्रेटरी हडकर विचारतात, हे काय, वास्तुदोष?
नाही म्हटलं, डोंगर.

ऐरोलीत राहायचं तर पारसिक आडवा येणारच.
माझा पाच वॉटचा आवाज
त्याच्या कुशीत शिरतो आणि झोपून जातो.
फक्त या फुलीवर उभं राहून
एरियल जरासं कल्याणकडे कलतं धरलं
तर कुठूनशी फट मिळते
आणि खरखरत, पण डोंबिवली येते.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली.
कोण कोणाशी काय बोललं ते विसरायचं,
एवढंच शिकले तिथे.
आणि हे, की लाइन मरते
तेव्हा आधी कळवत नाही.

दिवाणाखाली खाकी पिशवी.
हँडल फिरवायची बॅटरी, पितळी शिट्टी,
रेशनकार्डाच्या झेरॉक्स दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
पेन्सिली (पेन वाळतं),
वहीत अठरा नंबर,
कारण स्वतःच्या मुलाचाही आता पाठ नाही.
शेंगदाण्याची चिक्की, दर चार महिन्यांनी
खाऊन बदलायची. हे काम यांच्याकडे.
तीन महिन्यांतच बदलतात.
सगळ्यात खाली गुंडाळलेलं एरियल,
दूरदर्शनच्या काळातल्या चपट्या वायरचं,
जिच्यावरून कधीकाळी बातम्या उतरायच्या
ती आता माझे शब्द वर चढवते.

"युद्ध लागलंय का?" हे विचारतात.
साठीला परीक्षा दिली, लायसन्स आलं,
तेव्हा फ्रेम करून आणली यांनीच.
बोलायचं मात्र असंच.

रविवारी रात्री नऊला हजेरी.
पलीकडून इरावती नावं पुकारते, वय वर्षं चौदा,
आवाज हेडमास्तरणीचा.
कोणी उशिरा आलं तर म्हणते, नोंद घेतली आहे.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. घट मांडलेला.
दहा चाळीसला पंखा थांबला,
मग फ्रिज, मग लिफ्टचा तो नेहमीचा कण्हण्याचा आवाज.
बारापर्यंत सगळे गमतीत होते.
तीन वाजता मोबाइलच्या काड्या
एकेक करून विझल्या.
चारला तिसऱ्या मजल्यावरची नलिनी वझे
जिन्यानं वर आली, घामाघूम,
दाराशी उभी, बोलेना.
तिची आई विष्णुनगरला. एकटी.
ऑक्सिजनचं मशीन विजेवर.

मी पोथी मिटली. पिशवी उचलली.

फुलीवर उभं राहून हाक दिली.
खरखर.
पुन्हा दिली.
एक घार टाकीवर बसून ऐकत होती.
बोर्डावर बसायचे तेव्हा घंटा वाजली नाही
तर समजायचं, समोर कोणी नाही.
इथे काहीच समजत नाही.
पाचव्यांदा, का सहाव्यांदा,
डोंगराच्या पोटातून हेडमास्तरीण:
"पत्ता सांगा. सावकाश. ओव्हर."

वझेतला व, वजनातला.
झ, झबल्यातला.
नलिनी माझ्या पदराचं टोक धरून उभी,
आणि मी बाराखडी शिकवत होते
आकाशाला.

मग बावन्न मिनिटं.
बॅटरी वाचवायला मी काही बोलले नाही.
खाली कोणाचं तरी कुकर शिट्ट्या देत राहिलं,
गॅस असतो, लक्षात आलं, गॅस अजून असतो.

"सायकलनं जाऊन आले," इरावती म्हणाली,
दम लागलेला.
"शेजारच्यांनी सिलिंडर आणून जोडला सकाळीच.
आजी ठीक. चिडल्या आहेत.
निरोप आहे, शब्दशः घ्या:
नलूला विचार, लोणच्याच्या कपाटाची किल्ली
कुठे ठेवून गेली मागच्या वेळी. ओव्हर."

मी पेन्सिलीनं शब्दशः घेतलं.
नलिनी वाचायला वाकली
आणि तिथेच, पिवळ्या फुलीवर, मट्कन बसली.
हसतेय का रडतेय
हे अंधारात दिसेना,
आणि टॉर्च मी मुद्दामच लावला नाही.

"थांबा," मी पारसिकला म्हटलं,
"उत्तर येतंय.
देव्हाऱ्यामागे.
द, दगडातला."